सुडोला कमांड का सापडत नाही?

मेहकर तालुक्यातल्या डोणगावात बसूनही आज आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मुळे लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात. शिकताना एका जागी मात्र हमखास अडतं. स्वतःच्या खात्यातून नीट चालणारी स्क्रिप्ट ‘सुडो’ लावून, म्हणजे ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकारानं चालवली, की पडद्यावर उमटतं : ‘एनपीएम : कमांड नॉट फाउंड’. अधिकार वाढले आणि प्रोग्रॅम दिसेनासा झाला!

प्रोग्रॅम जागेवरच असतो. कमांडचं नुसतं नाव दिलं, की ‘पाथ’मध्ये नोंदवलेल्या फोल्डरांत ती क्रमानं शोधली जाते. एनपीएम ‘नोड’सोबत येतं; ‘एनव्हीएम’ या साधनानं बसवलेलं नोड आपल्या होम फोल्डरमध्ये असतं आणि त्याचा पत्ता ‘बॅशआरसी’ फाइल आपल्या पाथमध्ये भरते. सुडो बहुतेक ठिकाणी आपला पाथ बाजूला ठेवून ‘सिक्युअर पाथ’ची ठरलेली यादी वापरतो. तिच्यात आपलं होम फोल्डर नसतं.

हे मुद्दाम केलेलं आहे, आणि योग्यच आहे. पाथ वापरकर्त्याच्या हातात असतो. त्यातल्या पहिल्याच फोल्डरमध्ये कुणी ‘एलएस’ नावाचा बनावट प्रोग्रॅम ठेवला, तर रूटच्या अधिकारानं तोच चालेल. सुडोमध्ये कुठल्याही प्रकारची फट राहिली तर काय होतं, हे जानेवारी 2021 मध्ये दिसलं : क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघड केलेली त्यातली चूक 2011 पासून तशीच होती, आणि तिच्या आधारे साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता. म्हणून सिक्युअर पाथ काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नये.

तपासताना अनेक जण ‘सुडो एको डॉलर-पाथ’ लिहितात आणि फसतात. सुडो सुरू होण्याआधीच आपला शेल तिथे आपलाच पाथ भरून मोकळा होतो. ‘सुडो प्रिंटएनव्ह पाथ’ लिहिलं, की खरी यादी दिसते.

एरवी ‘विच’ या कमांडनं प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता काढून स्क्रिप्टमध्ये लिहिला की भागतं. एनपीएमला तेवढंही पुरत नाही. त्याची पहिली ओळ ‘नोड’ला पुन्हा पाथमध्येच शोधते. रूटला नोड खरंच लागणार असेल, तर ते सगळ्या यंत्रणेसाठी वेगळं बसवावं. बहुतेकदा मात्र रूटची गरज स्क्रिप्टमधल्या एखाद-दुसऱ्या ओळीलाच असते, सर्व्हिस पुन्हा सुरू करण्यापुरती. सुडो त्या ओळीपुढे लिहावा आणि बाकीची स्क्रिप्ट आपल्याच खात्यातून चालू द्यावी.