सांगलीची हवा आणि विजेची मोटार : लेखांक सहावा

क्षयाच्या रोग्याला औषधापेक्षा हवापालटाचाच भरवसा अधिक वाटत असे त्या काळी सातारा-सांगलीच्या मुलखाला हवेच्या बाबतीत जी प्रतिष्ठा होती, तिची साक्ष १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीस स्थापिलेले बेल-एअर आरोग्यधाम आणि सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय ही दोन्ही देतात. आणि २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा विहित मानकाइतकी हवा न राखू शकलेल्या शहरांच्या यादीत त्याच सांगलीचे नाव मुंबई, पुणे आणि चंद्रपूर यांच्या पंक्तीस जाऊन बसले. मागील लेखांकात धुराच्या नळकांड्यातून काय काय बाहेर पडते ते आपण पाहिले. ते नळकांडेच काढून टाकले तर सांगलीच्या हवेचे नेमके किती भले होईल, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम दोष कशाचा, याची शहानिशा केली पाहिजे. सरकारी मानकाप्रमाणे एक घनमीटर हवेत दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण वर्षाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमच्या आत आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या अतिसूक्ष्म कणांचे ४० च्या आत असावे लागते. अतिसूक्ष्म कण हे प्रायः ज्वलनाचे अपत्य. डिझेल, शेतात पेटविलेले पाचट, कचऱ्याचे धुमसते ढीग ही त्यांची जन्मस्थाने. दहा मायक्रॉनच्या हिशेबात मात्र धुळीचा वाटा मोठा असतो, आणि ही धूळ कशी तयार होते हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने गळिताच्या हंगामात एखाद्या साखर कारखान्याच्या वाटेवर उभे राहावे. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उसाच्या फडातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या चाकांच्या खाचांत बोटभर काळी माती थापलेली असते. ती ढेकळाढेकळांनी डांबरावर गळते, दुपारपर्यंत वाळते, मागून येणाऱ्या चाकांखाली तिचे पीठ होते, आणि साइडपट्टीवर उतरलेली एकच एसटी ते सारे पीठ हवेत उधळून देते. त्यात पौष-माघातल्या पहाटे कृष्णाकाठची जमीन लवकर निवते, तिच्यालगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडते, आणि मग धूर व धूळ ही दोन्ही उन्हे वर येईपर्यंत जमीन सोडीत नाहीत.

विजेच्या मोटारीला धूर नाही, पण चाके आहेत. बॅटरीमुळे ती तिच्या बरोबरीच्या पेट्रोल गाडीहून जड असते, त्यामुळे टायरची झीज थोडी अधिकच होते आणि रस्त्यावरची माती ती इतर गाड्यांइतक्याच इमानाने उडविते. ब्रेकच्या भुकटीत मात्र ती बचत करते. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीची चढण मालट्रक खालच्या गिअरमध्ये काळा धूर ओकीत चढतात. विजेच्या गाडीला तेथे वीज बरीच खर्चावी लागते हे खरे, परंतु घाटमाथा ओलांडल्यावर तिची मोटर जनित्र बनून गाडीचा वेग आवरते आणि खर्चातला काही भाग बॅटरीत परत जमा करते.

ही वीज येते कोठून, असे सातारकरास विचारावे तर तो साहजिकच कोयनेकडे बोट दाखवील. पण १९६० मेगावॅटचा तो प्रकल्प, पश्चिमेकडे सोडावयाच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने घातलेल्या मर्यादेमुळे, मुख्यतः मागणीच्या ऐन वेळी चालवावा लागतो; मध्यरात्री दारात उभ्या असलेल्या मोटारीत भरली जाणारी वीज बहुतांशी कोळशाची. तेव्हा सांगलीचा धूर चंद्रपूरच्या खाती वर्ग केला, असा आक्षेप निघतो. तो खोटा नाही (चंद्रपूरकरांनाही नाक आहे), पण अपुरा आहे. पेट्रोलमधील उष्णतेचा चौथाईच्या आसपासचाच हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो, विजेची मोटर मिळालेल्या शक्तीतली फारच थोडी वाया घालविते. शिवाय औष्णिक केंद्राची चिमणी आकाशात उंच असते, तर रिक्षाचे नळकांडे शाळेच्या फाटकापाशी पोराच्या तोंडासमोर. दिवसा, सौरविजेच्या वेळी, गाडी भरण्याची सोय झाली तर आक्षेपाची धार आणखी बोथट होईल.

म्हणूनच माझ्या मते क्रम उलटा लागला आहे. कचेरीच्या आवारात दिवसभर उभी राहणारी साहेबांची मोटार विजेवर गेल्याने हवेला फारसे काही मिळत नाही. सांगली-मिरज रस्त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत धावणारे वडाप, मार्केट यार्डातले मालवाहू टेम्पो आणि एसटी यांचा नंबर आधी लागावा. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी ज्या पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी महामंडळाने विजेवरची ‘शिवाई’ सोडली, हे योग्यच झाले. रिक्षावाल्याची गोष्ट निराळी; त्याच्यापाशी महामंडळाची पत नाही, नवी गाडी घ्यायची तर कर्ज काढावे लागते, आणि भर दुपारी बॅटरी भरण्यासाठी दोन तास गाडी उभी करायची तर त्या दोन तासांचा धंदा बुडतो. रिक्षातळाजवळच चार्जिंगची जागा आणि माफक व्याजाचे कर्ज एवढे दिले, तर आर्जव करण्याची गरज उरणार नाही, कारण डिझेलचा हिशेब त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो. रस्ते झाडण्याचे आणि साइडपट्ट्या पक्क्या करण्याचे काम मात्र महापालिकेचे व बांधकाम खात्याचेच राहील. कोणतीही मोटार ते करणार नाही.

जुन्या झालेल्या बॅटऱ्यांची वाट काय, ते पुढील लेखांकी.