बोटीला पेट्रोल की डिझेल?

‘कोणतं इंजिन चांगलं?’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘कोणत्या वापरासाठी?’ हे जोडलं, की तो अभ्यासता येतो. हौशी बोटीचंच उदाहरण घ्या. पेट्रोल इंजिन हलकं नि स्वस्त. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे बांधणी जड आणि महाग. पण तेवढ्याच कामाला इंधन कमी लागतं. म्हणजे वर्षाकाठी मोजके तास फिरणाऱ्याचे जादा पैसे वसूल होत नाहीत.

आता धोका बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेत इनबोर्ड पेट्रोल बोटीवर सूचना असते: आधी 4 मिनिटं ब्लोअर चालवा, मग इंजिन. डिझेलमध्ये ही भीती बरीच कमी.

तुमच्या तुलनेतही खर्च, वापर आणि धोका यांचे रकाने वेगळे ठेवा.