आशा आणि वाट, क्रियापद एकच

या वयात स्पॅनिश कशाला, असे घरात सगळ्यांनी विचारून झाले आहे. पण एखादा शब्द असा भेटतो की शिकण्याचे कष्ट वसूल होतात. माझ्यापुरता तो शब्द 'एस्पेरार'. आपण बसची वाट पाहतो, पाऊस चांगला होईल अशी आशा धरतो आणि मुलांकडून अपेक्षा ठेवतो (त्या जरा जास्तच!). स्पॅनिश माणूस ही तिन्ही कामे या एकाच क्रियापदावर भागवतो.

मग ऐकणाऱ्याने ओळखायचे कसे? 'एस्पेरो एल आउतोबुस' म्हणजे मी बसची वाट पाहतो आहे. इथे घोटाळा नाही. 'एस्पेरो के वेंगा' म्हणजे तो यावा अशी आशा आहे. त्यातच एक चिमुकला 'आ' घाला, 'एस्पेरो आ के वेंगा', की अर्थ होतो, तो येईपर्यंत मी थांबतो. सगळा फरक त्या एका अक्षराचा. नामांची मात्र रीतसर वाटणी झालेली आहे. 'एस्पेरा' म्हणजे प्रतीक्षा आणि 'एस्पेरान्सा' म्हणजे आशा. पहिला शब्द स्टेशनातल्या प्रतीक्षालयाच्या पाटीवर दिसतो, दुसरा मुलीचे नाव म्हणून ठेवतात, अगदी आपल्याकडच्यासारखा.

व्याकरणाच्या पुस्तकात हे सारे सोपे वाटते. पण अर्जेंटिनात १९७६ साली लष्कराने सत्ता बळकावली, हजारो माणसे उचलून नेली आणि ती परतलीच नाहीत. ३० एप्रिल १९७७ रोजी काही आया ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. पुढे दर गुरुवारी, डोक्याला पांढरा रुमाल बांधून, त्या तिथे फेऱ्या घालू लागल्या. मुलगा जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नसलेली आई 'एस्पेरो' म्हणाली, तर त्यापुढे 'आ' घालायचा की नाही, हे कोणत्या मास्तरांनी सांगावे?

कैदेत जन्मलेली बाळे परक्या घरांत वाढत होती. त्यांच्या आज्यांनी आपली वेगळी संघटना काढली. मधली पिढी नाहीशी झालेली असताना आजीच्या रक्तावरून नातवाचे नाते सिद्ध करता येईल का, असे त्यांनी शास्त्रज्ञांना विचारले, आणि त्यातून तशी पद्धत तयार झाली. आजवर १३०हून अधिक नातवंडांचा छडा लागला आहे. ती बाळे आता चाळिशी ओलांडलेली आहेत. कित्येक आज्या तोवर थांबू शकल्या नाहीत.