वाघाला बेशुद्ध करायला इतके दिवस का लागतात?

वाघाच्या हल्ल्यात कुणी दगावलं की सोशल मीडियावर प्रश्न ठरलेला असतो: वनखात्याकडे बंदूक आहे, नेमबाज आहेत, मग अडलंय कुठे? 'सीटी-१' या वाघाने गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मिळून १३ जणांचा बळी घेतला होता. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनविभागात त्याला बेशुद्ध करून जेरबंद केलं, तोवर गावकऱ्यांचा संयम संपत आला होता. त्यांचा राग समजण्यासारखाच आहे. पण अडचण बरीचशी डार्टमध्ये असते.

रायफलची काडतुसं कारखान्यातून एकसारखी येतात. डार्ट मात्र जागेवर, हाताने भरावा लागतो. डार्ट म्हणजे उडणारी सिरिंज. पुढच्या कप्प्यात भुलीचं औषध, मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा. सुईचं छिद्र टोकाला नसून बाजूला असतं आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत घुसली की नळी मागे सरकते, छिद्र उघडतं आणि मागची हवा दट्ट्या पुढे ढकलते. नळी नीट बसली नसेल तर औषध वाटेतच गळतं.

औषध किती, हे वाघाच्या वजनावर ठरतं, आणि ते वजन पशुवैद्यकाला लांबून नजरेनेच जोखावं लागतं.

मग बंदुकीचा दाब. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या डार्ट गनमध्ये तो अंतर आणि डार्टच्या आकारानुसार लावतात. कमी पडला तर डार्ट अलीकडेच पडतो किंवा औषध आत जात नाही. जास्त झाला तर आदळून उसळतो, हाडालाही इजा करू शकतो. त्यामुळे सरावात डार्टमध्ये औषधाऐवजी पाणी भरतात, म्हणजे वजन तेवढंच राहतं, आणि वेगवेगळ्या अंतरांवर कोणता दाब लागतो ते पाहून ठेवतात. जंगलात अंतर मोजायला रेंजफाइंडर वापरतात. डार्ट जड आणि गोळीच्या मानाने फार संथ. मध्ये बांबूची एक काडी आली तरी नेम गेला. म्हणून वाघ जवळ, स्थिर आणि मांडी किंवा खांद्याचा स्नायू दिसेल असा हवा. ही संधी रोज मिळत नाही.

शिवाय डार्ट लागताच वाघ पडत नाही. काही मिनिटं जातात, तेवढ्यात तो झुडपात शिरतो. जवळ तळं असेल तर बुडण्याची भीती, अंधार पडत असेल तर शोधणाऱ्यांच्याच जिवाला धोका. अशा वेळी समोर वाघ असूनही पथक डार्ट मारत नाही. बघणाऱ्यांना तो हलगर्जीपणा वाटतो.

थेट गोळी का नाही? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ नुसार वाघाला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री पटल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश देता येत नाही.

वाघ पिंजऱ्यात गेल्यावरही पशुवैद्यकाची नजर घड्याळावर असते. वाघांसाठी बहुधा झायलाझिन आणि केटामिन एकत्र वापरतात. यातल्या झायलाझिनवर उतारा आहे, केटामिनवर नाही. उतारा घाईने दिला तर उरलेल्या केटामिनमुळे वाघाला झटके येऊ शकतात.