कॉम्प्युटर बंद पडला, तर घाबरू नका

नांगराचा बैल चालता चालता खाली बसला, तर शहाणा शेतकरी काय करतो? लगेच चाबूक ओढतो का? नाही. तो आधी बैलाचे खूर पाहतो. खांदा सुजला आहे का, ते पाहतो. सकाळी पाणी पाजले होते का, ते आठवतो. मग जरूर पडली, तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो.

कॉम्प्युटरचेही असेच आहे. पण ही गोष्ट आम्ही आधी विसरलो, आणि मग शिकलो. कशी, ते सांगतो.

आमच्या प्रौढ वर्गात एक जुना कॉम्प्युटर आहे. रात्री वर्गातली माणसे त्यावर अक्षरे लिहायला शिकतात. दिवसा गावातला महिला बचत गट त्यावर हिशेब ठेवतो. २०२२ सालच्या मे महिन्यात एका दुपारी गटाच्या सेक्रेटरी मावशी हिशेब भरत होत्या. एकाएकी पडद्यावरचा बाण थांबला. माउस हलवला, तरी तो हलेना. कॉम्प्युटर हँग झाला, असे आपण म्हणतो, तसे झाले.

आम्ही काय केले? डब्याला दोन चापट्या मारल्या! मग बटण दाबून तो बंद केला, आणि पुन्हा चालू केला. आत पंखा फिरला. दिवा लागला. पण पडदा काळा तो काळाच. पाच-सहा वेळा बटण दाबून पाहिले. काही उपयोग नाही.

मावशींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “गुरुजी, दोन वर्षांचा हिशेब गेला का हो? परवा बँकेचे साहेब येणार. हिशेब दाखवला नाही, तर कर्ज मिळायचं नाही.” त्या कर्जातून गटातल्या चौघी शेळ्या घेणार होत्या. आणि कॉम्प्युटर आल्यापासून कागदाची वही कोणी लिहिली नव्हती.

तालुक्याच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, “जुना झालाय. फॉरमॅट मारावा लागेल, नाहीतर नवा घ्या.” त्याने यंत्र डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. फॉरमॅट मारणे म्हणजे आतले सगळे पुसून टाकणे. आम्ही म्हटले, “थांबा. आधी आपणच खूर पाहू या.”

डब्यात काय असते?

ज्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो, त्यात चार मुख्य गोष्टी असतात.

पहिली, एसएमपीएस. घरातली वीज असते २३० व्होल्टची. ती आतल्या नाजूक भागांना सोसत नाही. तान्ह्या मुलाला आपण भाकरी देत नाही, पेज देतो. तसे एसएमपीएस त्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आत पुरवतो.

दुसरी, प्रोसेसर. सगळी आकडेमोड तोच करतो. काम करताना तो खूप तापतो. म्हणून त्याच्यावर अल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि एक पंखा बसवलेला असतो.

तिसरी, रॅम. रॅम म्हणजे पाटी. चालू काम तिच्यावर लिहिले जाते. वीज गेली, की पाटी पुसली जाते.

चौथी, हार्ड डिस्क. ही वही. आपण ‘सेव्ह’ केलेले या वहीत उतरते. वीज गेली, तरी ते राहते.

हे कळले, तेव्हा मावशींना धीर आला. कारण पडदा काळा झाला, म्हणजे वही जळाली असे नव्हे. समजा, बाकीचे यंत्र कायमचे गेले, तरी चांगली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते, आणि बहुतेक वेळा आतला हिशेब वाचता येतो.

हँग झाला, तर काय करावे?

आधी दोन-चार मिनिटे थांबावे. कधी कधी यंत्र मेलेले नसते, कामात असते. कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागला-विझला, तर यंत्र जिवंत आहे असे समजावे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबाव्या. अडकलेला एखादा प्रोग्रॅम तेथून बंद करता येतो.

तेही जमले नाही, तर सीपीयूचे बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरावे. यंत्र बंद होते. पाटीवरचे, म्हणजे सेव्ह न केलेले, तेवढे जाते. म्हणून काम करताना मधून मधून सेव्ह करावे. चापट्या मात्र मारू नयेत. का, ते पुढे कळेल.

सुरू होत नाही, तर काय पाहावे?

त्या रात्री वर्गाची माणसे कॉम्प्युटरभोवती जमली. आम्ही एक नियम केला. बाहेरून आत जायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर दुखणे कोणते होते ते कळत नाही.

पहिल्यांदा वीज पाहिली. भिंतीच्या सॉकेटमध्ये दुसरा दिवा लावून पाहिला. लागला. यूपीएस चालू होता. सीपीयूच्या मागे एसएमपीएसचे छोटे बटण असते, तेही चालू होते. दिवा, पंखा, आवाज यांपैकी काहीच नसते, तर दोष विजेच्या वाटेवर शोधावा लागला असता.

मग पडदा पाहिला. मॉनिटरला वीज होती. मॉनिटरची वायर दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवली. उपयोग झाला नाही.

मग मागे लावलेला पेन ड्राइव्ह काढला. काही यंत्रे सुरू होताना हार्ड डिस्क सोडून पेन ड्राइव्हमध्येच शोधत बसतात. पण आमचे दुखणे तेही नव्हते.

पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो, तेव्हा बरेचदा रॅम नीट बसलेली नसते. काही यंत्रे अशा वेळी ‘पीं पीं’ असा आवाजही करतात. आता डबा उघडणे भाग होते.

डबा उघडण्याआधी नुसते बटण बंद करून भागत नाही. वायर भिंतीतून काढली. मग सीपीयूचे बटण एकदा दाबले, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. हात कोरडे केले. डब्याच्या पत्र्याला हात लावला. असे का? नायलॉनचा कपडा अंधारात अंगावरून काढताना चटचट ठिणग्या उडतात, हे तुम्ही पाहिले असेल. अंगातली ती वीज आपल्याला जाणवतही नाही, पण रॅमचे नुकसान करू शकते. पत्र्याला हात लावला, की ती उतरते.

डबा उघडला, तेव्हा आत काय दिसले? धूळच धूळ! ती तशीच ठेवली, आणि आधी रॅम पाहिली. रॅम म्हणजे एक चपटी पट्टी. तिच्या टोकाची खिट्टी उघडी पडली होती, आणि पट्टी एका बाजूने वर आली होती. आमच्या चापट्यांचा हा प्रसाद! पट्टी काढली. तिच्या सोनेरी कडेवर मळ होता. वर्गातले साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवले, आणि कण झटकून टाकले. खाच बघून पट्टी सरळ दाबली. ‘टक्’ आवाज आला. वायर जोडली. बटण दाबले.

पडदा उजळला! मावशींनी दोन्ही हात जोडले.

पण गोष्ट येथे संपली नाही. वीस मिनिटांनी यंत्र पुन्हा हँग झाले. म्हणजे दुखणी दोन होती. रॅमचे दुखणे आम्ही लावले होते. मूळचे वेगळेच होते.

थंड असताना चालते आणि तापल्यावर थांबते, तर पंखा पाहावा. पुन्हा वायर काढली. प्रोसेसरवरच्या पट्ट्या धुळीने बुजल्या होत्या. वारा जायला वाटच नव्हती. फार तापला, की प्रोसेसर आधी मंद होतो, आणि मग यंत्र थांबते किंवा आपोआप बंद होते. आम्ही पंखा बोटाने धरून ठेवला, आणि रंगाच्या कोऱ्या ब्रशने धूळ काढली. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. त्यानंतर यंत्र रात्रभर चालू ठेवले. ते थांबले नाही.

कोठे थांबावे?

सगळेच आपण करू नये. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते. जळका वास आला, तर यंत्र पुन्हा चालू करू नये. हार्ड डिस्कमधून ‘टक टक’ असा आवाज येत राहिला, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. वही फाटत आहे असे समजावे. अशा वेळी मेकॅनिककडे जावे, आणि त्याला आधीच सांगावे, “आतला हिशेब पाहिजे. विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका.”

नुसती तारीख आणि वेळ रोज चुकत असेल, तर काळजी नको. आत ३ व्होल्टचा एक गोल चपटा सेल असतो. तो संपला, की असे होते. तो बदलावा.

बँकेचे साहेब आले, तेव्हा हिशेबाचा कागद छापून तयार होता. चौघींना कर्ज मिळाले. पण मावशी आम्हाला म्हणाल्या, “गुरुजी, या वेळी नशीब. पुढच्या वेळी नको.” त्यांचे खरे होते. यंत्र आज दुरुस्त झाले, म्हणून कधीच बिघडणार नाही असे नाही. आता दर शनिवारी गटाचा हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवला जातो. पेन ड्राइव्ह मावशींच्या घरी राहतो. आणि कागदाची वहीही पुन्हा सुरू झाली आहे. ती मावशींची सून लिहिते. आमच्याच वर्गात ती लिहायला शिकली.

एवढे लक्षात ठेवा

यंत्राला मारू नका.
बाहेरून आत पाहत जा.
एका वेळी एकच गोष्ट बदला.
डबा उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा.
हिशेब एकाच जागी ठेवू नका.