मुलांचे दात : आहार आणि सवयी

दुधाचे दात पुढे पडायचेच असतात, तेव्हा त्यांची फारशी काळजी करण्याचे कारण नाही, असा समज आपल्याकडे सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. सुमारे ६व्या महिन्यापासून येऊ लागणारे हे २० दात अडीच ते तीन वर्षांपर्यंत पूर्ण होतात. अन्न चावणे आणि स्पष्ट उच्चार करणे याखेरीज त्यांचे आणखी एक कार्य असते, ते म्हणजे कायमच्या दातांची जागा राखणे. किडलेली दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या पोकळीकडे कलतात आणि खालून येणारा दात वेडावाकडा उगवतो.

दातात अळी शिरते, ही जुनी कल्पना आता मागे पडली आहे. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात असंख्य सूक्ष्म जीवाणू असतात. साखर मिळताच ते तिचे आम्ल बनवतात. या थरातील सामू, म्हणजे आम्लतेचे माप, सुमारे ५.५ च्या खाली उतरला की दंतवल्क या दाताच्या कठीण कवचातील खनिजे विरघळू लागतात. पुढील अर्ध्या-पाऊण तासात लाळ ही आम्लता हळूहळू कमी करते आणि गेलेल्या खनिजांचा काही अंश परतही मिळवून देते. दाताचे आरोग्य म्हणजे या झिजेचा आणि भरपाईचा समतोल होय.

म्हणूनच मूल किती गोड खाते याइतकेच ते किती वेळा खाते यालाही महत्त्व आहे. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळील विपेहोल्म रुग्णालयात १९४५ पासून काही वर्षे यासंबंधी प्रयोग झाले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड थोडीच वाढली. मात्र दोन जेवणांच्या मधल्या वेळी दिलेल्या चिकट टॉफीने ती फार वाढली. हे प्रयोग बौद्धिक विकलांग रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना करण्यात आले. त्यामुळे ते नैतिकदृष्ट्या निषेधार्हच ठरतात. त्यांतून मिळालेला धडा मात्र पुढेही खरा ठरला आहे. जेवताना एक लाडू खाणाऱ्या मुलापेक्षा दुपारभर गोळ्या चघळणाऱ्या मुलाचे दात अधिक धोक्यात असतात. गूळ आणि मध यांनाही हाच नियम लागू पडतो. दाढांच्या खाचांत चिकटून राहणारी बिस्किटेही निरुपद्रवी नव्हेत. मधल्या वेळी भाजलेले चणे, काकडी, गाजर किंवा पेरू देणे श्रेयस्कर; मात्र अगदी लहान मुलांना चण्यांसारखे कठीण पदार्थ देऊ नयेत, ते घशात अडकण्याची भीती असते.

झोपेत लाळेचा स्राव मंदावतो. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढील दात म्हणूनच सर्वांत आधी किडतात. झोपताना बाटली द्यायचीच झाली, तर तिच्यात केवळ पाणी असावे. तेही बाळ सहा महिन्यांचे झाल्यानंतरच.

जेवणानंतर चूळ भरण्याची आपली रीत चांगली आहे, पण ती पुरेशी नाही. सकाळी दात घासण्याचा नेम बहुतेक घरांत पाळला जातो. रात्री, जेव्हा त्याची गरज अधिक, तेव्हा तो सुटतो. राखुंडी, कोळसा वा विटेची भुकटी यांनी दात झिजतात. तंबाखूची मशेरी तर मुलांच्या हाती कधीच पडू नये. तंबाखूयुक्त दंतमंजनांवर भारतात १९९२ मध्ये बंदी घालण्यात आली. मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी. ३ वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तर ३ ते ६ वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी टूथपेस्ट पुरते. ती गिळू न देता थुंकावयास शिकवावे. नळगोंड्यासारख्या ज्या भागांत पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे, तेथे दंतवैद्याचा सल्ला घेऊनच ती वापरावी.

६व्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे तीही दुधाचीच असावी असे समजून पालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ही दाढ कायमची असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. मुलाच्या सवयी तोवर घडल्या असतील, तरच ती जन्मभर साथ देईल.