विहिरीची पाळी

सकाळी साडेसहा. पहिला फोन ओतूरकडून. "वकीलताई, दादांचं मृत्युपत्र करायचंय. धाकट्याला एवढ्यात कळू देऊ नका." दादांना जुन्नरला घेऊन या म्हटलं, सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफारही.

दहा वाजता दादा आले, थोरला मुलगा सोबत. त्याला मी बाहेर चहाला पाठवलं. ज्याला मिळणार आहे, त्याच्यासमोर म्हातारा माणूस मोकळं बोलत नाही, आणि पुढे कोर्टात 'दबाव होता' म्हणायला तेवढंच पुरतं.

फेरफार चाळले. निम्मी जमीन वडिलोपार्जित, निम्मी त्यांनी टोमॅटोच्या पैशातून घेतलेली. स्वतः घेतलेली कुणालाही देता येते. वडिलोपार्जितात मात्र फक्त स्वतःचा हिस्सा. 2005च्या दुरुस्तीनं मुलीही जन्मापासून हिस्सेदार झाल्या. दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं.

"म्हंजी पोरींनाबी इचारायचं?"

"विचाराच, दादा. हक्कसोडीवर सही घ्यायला घाईनं बोलावता, त्याच्या आधी विचारा."

मग मी विहिरीचं विचारलं. दादा गप्प झाले. "ती दोघांची हायेच की." इथेच माझा जीव वरखाली होतो. एकर मोजून मिळतात. पाणी, मोटार, मीटर, पाइपलाइन, बांधावरची वाट मोजून मिळत नाही. थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी ज्याच्या वाट्याला, त्यानं बिबट्याच्या भीतीत उसाला पाणी धरायचं. तेव्हा मृत्युपत्रात 'विहीर सामाईक' एवढंच लिहून भागत नाही. पाळी किती दिवसांची, रात्रीची आलटूनपालटून कशी, वीजबिल कोण भरणार, मोटार जळली तर खर्च कसा वाटायचा, सोसायटीचं कर्ज कुणाच्या अंगावर, हे सगळं लिहायला हवं. दादांनी बोटं मोजत सांगितलं, मी लिहून घेतलं. दीड तास गेला.

अडीच. घोडेगावच्या कोर्टात दोन भावांमधला वाटपाचा दावा. मृत्युपत्र नोंदवलेलं आहे, पण दोन्ही साक्षीदार वारलेत. आता सह्या ओळखणारी माणसं शोधतोय. त्या दोघा भावांची जेवणं एका ओट्यावर व्हायची, आज ते एका बाकावर बसत नाहीत. मला ते बघवत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगते: साक्षीदार दोन, वयानं लहान, हिस्सेदार नसलेले, डॉक्टरचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही आणि मृत्युपत्राला मुद्रांकही लागत नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

पाच. एका बाईंची वारस नोंद. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव. 2025च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेमुळे त्यांना धीर आला. अर्ज भरून दिला.

रात्री आठला पुन्हा ओतूरचा फोन. या वेळी दादा स्वतः. "ताई, पोरी रविवारी येत्यात. धाकट्यालाबी बोलावलंय. तुमचा कागद वाचून दावीन म्हंतो. रात्रीच्या पाळीचं तेवढं मोठ्या अक्षरात काढा."